तुटलेला फोर्क आधी जपा, सवलतीचं नंतर बघू

प्रश्न : मी नाशिकला राहतो, वय ४६, महाविद्यालयात शिकवतो. चौदा महिन्यांपूर्वी पुण्याच्या एका अधिकृत विक्रेत्याकडून परदेशी ब्रँडची कार्बनची एंड्युरन्स रोड बाईक २ लाख ८५ हजारांना घेतली. पाठीचा त्रास असल्यामुळे हँडल जरा उंच हवं होतं आणि लांब पल्ल्याच्या बीआरएम (ठरावीक वेळेत पुऱ्या करायच्या सायकलफेऱ्या) करायच्या होत्या. दुकानानेच सायकल जोडून, माझ्या मापाला बसवून दिली. पाच महिन्यांपूर्वी सकाळी त्र्यंबकहून परतताना उतारावर हँडल अचानक हातात आलं. पुढचं चाक धरणाऱ्या फोर्कची वरची नळी, म्हणजे स्टिअरर, हँडल आणि फोर्क जोडणाऱ्या स्टेमच्या पकडीपाशी आडवी तुटली होती. कॉलरबोनचं ऑपरेशन झालं, प्लेट बसवली, खर्च १ लाख ४० हजार, सहा आठवडे रजा. कंपनीने फोटो पाहून ई-मेलने कळवलं की स्टेमचे बोल्ट प्रमाणाबाहेर आवळल्यामुळे स्टिअरर चिरडला, हे वॉरंटीत बसत नाही. दुकानदार म्हणतो, ‘तुम्हीच प्रवासात हँडल काढलं होतं.’ ते खरं आहे. एकदा विमानाने सायकल नेताना मी हँडल सोडवून बॅगेत भरलं होतं. आता कंपनी नव्या फ्रेमसेटवर (फ्रेम आणि फोर्क) ३० टक्के सवलत देते आहे. त्यासाठी तुटलेला फोर्क आणि फ्रेम परत द्यायची आणि ‘यापुढे कोणताही दावा नाही’ अशा कागदावर सही करायची. डिसेंबरात २०० किलोमीटरची बीआरएम आहे. तोवर साधा फोर्क बसवून सायकल चालवू का? सही करू का?

उत्तर : उतारावर हँडल हातात येऊनही कॉलरबोनवर निभावलं, मान आणि डोकं वाचलं, हे वाचून आधी हायसं वाटलं. फिजिओथेरपी मधेच सोडू नका. तिची बिलंही लागणार आहेत.

सही करू नका. आणि तो फोर्क घराबाहेर जाऊ देऊ नका, ‘फक्त तपासणीसाठी द्या’ म्हणाले तरी नाही. तुमच्या प्रकरणात खरा साक्षीदार एकच आहे आणि तो म्हणजे ती तुटलेली नळी. ती एकदा कंपनीच्या गोदामात गेली की तुमच्या हातात फोटो उरतील, आणि फोटोंवरून काय निष्कर्ष काढता येतो ते कंपनीने तुम्हाला दाखवलंच आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या कलम ३८ मध्ये सोय अशी आहे की वस्तूतला दोष चाचणीशिवाय ठरवता येत नसेल, तर जिल्हा ग्राहक आयोग स्वतः नमुना घेतो, सीलबंद करतो आणि योग्य प्रयोगशाळेकडे पाठवतो. प्रयोगशाळेने अहवाल ४५ दिवसांत द्यायचा असतो. चाचणीची फी आधी तुम्हाला भरायला सांगू शकतात, ती भरा. पण नमुनाच नसेल तर हे कलम तुमच्या काही कामाचं नाही. कंपनीला तपासायचंच असेल तर त्यांचा माणूस तुमच्या घरी येऊन, तुमच्यासमोर, फोर्क न सोडवता तपासू दे. तसं लेखी कळवा.

आता मुख्य मुद्दा. तुमची मागणी एक नाही, दोन आहेत, आणि कायदा त्या दोन वेगळ्या दारांनी आत घेतो. इथे भले भले वकीलही घोटाळा करतात. सायकलीचे पैसे ‘वस्तूतील दोष’ किंवा ‘सेवेतील त्रुटी’ म्हणून मागायचे. शरीराला झालेली इजा, ऑपरेशन, रजा, त्यासोबतचा मनस्ताप हे ‘उत्पादन दायित्व’ या प्रकरणाखाली, कलम ८२ ते ८७ मध्ये येतं. ‘हानी’ची व्याख्या कलम २ (२२) मध्ये आहे आणि खुद्द त्या वस्तूचं नुकसान तिने स्पष्टपणे वगळलं आहे. म्हणजे फुटलेलं हेल्मेट आणि तडा गेलेला सायकल-कॉम्प्युटर हानीत धरले जातील, फोर्क नाही. तक्रार एकच करा, पण तिच्यात हे दोन भाग वेगवेगळे मांडा. नाहीतर समोरचा वकील पहिल्याच तारखेला व्याख्या वाचून दाखवेल आणि फ्रेमच्या पैशांवर पाणी सोडायला लावेल.

दुकानदाराविरुद्ध तुमच्या कामाचं कलम ८६. वस्तू जोडताना, तपासताना किंवा तिची देखभाल करताना विक्रेत्याने वाजवी काळजी घेतली नाही, किंवा उत्पादकाच्या सूचना आणि धोक्याचे इशारे ग्राहकापर्यंत पोचवले नाहीत, आणि त्यातूनच हानी झाली, तर विक्रेता जबाबदार. कायद्याने ‘जोडताना’ हा शब्दच वापरला आहे. तुमची सायकल खोक्यातून निघाली ती दुकानात जोडली गेली. स्टेम त्यांनी आवळला, हँडल किती उंच ठेवायचं ते त्यांनी ठरवलं.

मी सायकलवाला नाही, म्हणून हे लिहिण्याआधी एका जाणत्या मेकॅनिकपाशी दोन तास बसलो. त्याने सांगितलं ते असं. कार्बन तंतूंच्या दिशेने कितीही ओढा, दाद देत नाही. पण आडवा चिमटा बसला की आतले थर सुटतात, आणि बाहेरून काही दिसत नाही. पोलाद वाकून इशारा देतं, कार्बन बहुधा देत नाही. म्हणून स्टेमवर आकडा छापलेला असतो, बहुतेक ठिकाणी ५ न्यूटन-मीटरच्या आसपास, आणि तो टॉर्क रेंचनेच, म्हणजे आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्यानेच, साधायचा असतो, हाताच्या अंदाजाने नाही. नळीच्या आत एक्सपांडर प्लग असतो. तो स्टेमच्या पकडीच्या पातळीवर बसला तरच नळीला आतून आधार मिळतो. खाली-वर बसला तर पोकळ नळीच चेपली जाते. शिवाय स्टेमखाली किती मिलिमीटर स्पेसर (हँडल उंच करणाऱ्या चकत्या) चालतील, यालाही उत्पादक मर्यादा घालतात. तुम्ही पाठीसाठी उंच हँडल मागितलं होतं, तेव्हा खाली किती स्पेसर रचले होते, ते आत्ताच मोजून फोटो काढा. प्लग कुठे बसला आहे तेही वरून टॉर्च मारून टिपा. काहीही सोडवू नका.

२०१५ मध्ये नाशिकच्या महाजन डॉक्टर बंधूंनी रेस अॅक्रॉस अमेरिका ही सायकल शर्यत पुरी केली, त्यानंतर तुमच्याकडे पहाटेच्या रस्त्यावर अशा सायकली मला जास्त दिसू लागल्या. त्या जोडणाऱ्या प्रत्येक हातात टॉर्क रेंच आहे का, याची मात्र मला खात्री वाटत नाही. दुकानाला नोटिशीत सरळ विचारा : माझ्या सायकलीचा स्टेम कोणी आवळला, कोणत्या साधनाने, नोंद कुठे आहे?

आता तुमच्या बाजूची कच्ची कडी. कलम ८७ म्हणतं की हानीच्या वेळी वस्तूचा गैरवापर झाला असेल किंवा तिच्यात फेरफार केलेला असेल, तर विक्रेत्यावर उत्पादन दायित्वाचा दावा चालत नाही. दुकानदार याच कलमावर विसंबून आहे. म्हणून मला तुमच्याकडून एका प्रश्नाचं उत्तर हवं आहे : विमानाच्या वेळी तुम्ही नेमके कोणते बोल्ट सोडवले होते? स्टेमच्या पुढच्या तोंडावरचे बोल्ट, बहुधा चार, हँडलबार धरतात. मागच्या बाजूचे दोन बोल्ट स्टिअररला धरतात. बॅगेत सायकल भरताना बहुतेक जण पुढचे चारच काढतात आणि हँडल केबलसकट बाजूला वळवून ठेवतात. तुम्हीही तेवढंच केलं असेल, तर तुटलेल्या जागेशी तुमच्या हाताचा संबंधच आला नाही आणि दुकानदाराचा सगळा बचाव ढासळतो. त्या प्रवासाचे पॅकिंगचे फोटो, व्हिडिओ मोबाईलमध्ये शोधा. सोबतच्या मित्राने काढलेलाही चालेल, तो प्रतिज्ञापत्र देईल.

आणि मागचे दोन बोल्टही सोडवले असतील, तर तेच लिहा. लपवू नका. मग तुमचा भर इशाऱ्यावर राहील : ‘हे बोल्ट टॉर्क रेंचशिवाय हाताळू नका’ असं मला कोणी सांगितलं? मॅन्युअल हातात दिलं का, डिलिव्हरीच्या कागदावर तशी पोच आहे का? ही बाजू पहिलीइतकी भक्कम नाही. पण खोटं बोलून उलटतपासणीत पकडलं जाण्यापेक्षा हजार पटीने बरी.

कंपनीच्या ई-मेलबद्दल तुम्ही खचलेले दिसता. मला तो तुमच्या फायद्याचा वाटतो. कंपनी लिहून देते आहे की आवळण्यात चूक झाली. आवळणारं दुकान तिचंच अधिकृत विक्रेता. तुम्ही मागचे बोल्ट हाताळले नसतील, तर उरतं दुकान. आणि दुकान म्हणालं, आम्ही बरोबर आवळलं होतं, तर उरते कंपनीची नळी. दोघांपैकी नेमकं कोण चुकलं हे तक्रार करतानाच ठरवायची जबाबदारी तुमच्यावर नाही. पर्यायी मागणी करा : दोघंही, किंवा ज्याच्यावर दोष शाबीत होईल तो. दुकान आणि भारतातला आयातदार, दोघांनाही विरुद्ध पक्ष करा. आयातदारही कायद्याच्या व्याख्येत ‘उत्पादन विक्रेता’च आहे. मूळ उत्पादक परदेशात असून त्याच्यावर नोटीस बजावता येत नसेल किंवा आदेश अमलात आणता येत नसेल, तरी विक्रेत्याला जबाबदार धरायची तरतूद त्याच कलम ८६ मध्ये आहे.

बाकी कामकाजाचं थोडक्यात. तक्रार नाशिकच्या जिल्हा आयोगातच करा, पुण्याच्या खेपा नकोत. तक्रारदार जिथे राहतो तिथे दाखल करण्याचा हक्क कलम ३४ देतं. सायकलीला मोजलेली रक्कम ५ लाखांच्या आत असल्याने फी नाही. ग्राहक आयोगांच्या ई-जागृती पोर्टलवर तक्रार घरबसल्या दाखल होते, वकील लावण्याचं बंधन नाही. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं. ती पडल्या दिवसापासून धरा असं मी आयोगात म्हणेन, पण तुम्ही खरेदीच्या तारखेपासूनच मोजा, म्हणजे वादच नको. तसे तुमच्याकडे दहा महिने आहेत. त्यातला पहिला महिना कागदांना द्या : बिल, वॉरंटी कार्ड, डिस्चार्ज कार्ड, रजेचा दाखला, आणि त्या सकाळची सायकल-कॉम्प्युटरची मूळ फाईल, जिच्यात वेग, जागा आणि वेळ सेकंदासह आहे. दुकानदाराशी झालेलं व्हॉट्सअॅप संभाषण पुसू नका. ते दाखल करताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडा.

आधी नोटीस पाठवा, १५ दिवसांची मुदत द्या. त्यात एक दार उघडं ठेवा. कंपनी पूर्ण फ्रेमसेट विनामूल्य द्यायला तयार झाली तर घ्यायला हरकत नाही, मात्र जुना फोर्क तुमच्याकडेच राहील आणि कागदावर असं लिहिलेलं हवं : ‘ही तडजोड फ्रेमसेटच्या किमतीपुरती आहे, शारीरिक इजेच्या भरपाईचा माझा हक्क राखून ठेवला आहे.’ हे वाक्य गाळायला सांगितलं तर उठून या. पुढे आयोगातही दोघांच्या संमतीने मध्यस्थीकडे जाता येतं.

राहिला डिसेंबर. त्या फ्रेमवर दुसरा फोर्क बसवू नका. पहिलं कारण कायद्याचं : पुरावा आहे तसाच राहिला पाहिजे. दुसरं जास्त महत्त्वाचं : स्टिअरर तुटताना हेडट्यूबला, म्हणजे तो ज्यातून जातो त्या फ्रेमच्या नळीला, काय झालं असेल ते डोळ्यांना दिसणार नाही. फोर्क हेडसेटसकट (बेअरिंगसकट) आहे तसा ठेवून, फ्रेम चादरीत गुंडाळून माळ्यावर ठेवा. बीआरएमला साडेतेरा तास मिळतात. सर्जनने परवानगी दिली, तर कुणाची तरी अॅल्युमिनियमची सायकल मागून घ्या आणि निघण्याआधी तिचा स्टेम टॉर्क रेंचने, तुमच्या डोळ्यांसमोर आवळून घ्या.