निळ्या बँटमसाठी ठेव मोडू का?

प्रश्न: वय 34, शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत नोकरी. पगार हातात 31,000, घरखर्च 23,000. पतसंस्थेत अडीच लाखांची ठेव आहे, दुसरी बचत नाही. पंचगंगेकाठच्या गावात घरामागे जागा आहे. निळ्या रंगाच्या कोचीन बँटमचा (ही शोभेच्या बुटक्या कोंबड्यांची जात) एक नर आणि चार माद्या 60,000 ला मिळतायत. 200 अंड्यांचं उबवणी यंत्र 28,000, शेड 1,10,000. वर्षाला 480 अंडी, पिल्लू 1,500 ला, म्हणजे 7,20,000. ठेव मोडून सुरू करू का?

उत्तर: ठेव मोडू नका. कोंबड्या जरूर पाळा, पण 45,000 च्या आत, येत्या ऑक्टोबरपासून, आणि निळी जोडी न घेता.

तुमचा हिशेब सगळ्यात जास्त चुकतो तो रंगात. काळ्या पक्ष्यात निळ्या रंगाचं जनुक नसतं, निळ्या पक्ष्यात त्याची एक प्रत असते. दोन्ही प्रती आल्या की पक्षी पांढुरका निघतो आणि अंगावर निळसर-काळे शिंतोडे असतात. त्याला स्प्लॅश म्हणतात. म्हणून निळा नर निळ्या मादीला लावला की सरासरी निम्मीच पिल्लं निळी, पाव काळी आणि पाव स्प्लॅश. स्प्लॅश नर काळ्या माद्यांना लावला तर मात्र प्रत्येक पिल्लू निळं. काळे आणि स्प्लॅश पक्षी हौशी गिऱ्हाईक सहसा बाजूला सारतं, त्यामुळे ते कमी पैशात सुटतात. तुम्ही 60,000 मोजून असं खुराडं घेताय, जे निम्मं उत्पादन नको त्या रंगात देणार.

आता 480 चं काय होतं ते बघू. कोचीन वारंवार खुडूक बसते, पिसं झडतानाही अंडी थांबतात. मादीमागे 85 अंडी धरली तर चारींची 340. तडकलेली, मळलेली, वेडीवाकडी काढून 300 उबवायला. 60 टक्के फुटली तर 180 पिल्लं, साडेतीन महिन्यांपर्यंत जगणारी 150. त्यातली निळी 75. मानेवर तांबूस-सोनेरी पिसं आलेली, पायावर पिसं कमी असलेली काढली की विकण्याजोग्या 25 जोड्या उरतात. नर-मादी आणि रंगाचा दर्जा पक्का कळेपर्यंत सगळीच पोसावी लागतात: 150 पक्ष्यांना प्रत्येकी 3 किलो खाद्य, 45 रुपये किलोने सुमारे 20,000. मूळ पक्ष्यांचं खाद्य, लस, तूस, वीज मिळून आणखी 15,000.

तुमच्याच भावाने 25 जोड्यांचे 75,000 आणि उरलेल्या 100 पक्ष्यांचे अडीचशेने 25,000. खर्च वजा जाता 65,000. पण 3,000 ची जोडी घेणारी नादिष्ट माणसं मोजकी असतात, आणि पुढच्या वर्षी त्यांच्याच दारात पिल्लं असतात. दहा जोड्या पूर्ण भावाने आणि पंधरा निम्म्या भावाने गेल्या, तर हाती 42,500. तेही 1,98,000 अडकवून, रोजचे दीड-दोन तास घालून.

त्याऐवजी वेगवेगळ्या घरचे दोन स्प्लॅश नर (एक मेला तर सगळं थांबू नये म्हणून) आणि चार काळ्या तलंगा (तरुण माद्या) घ्या. याला 15,000 ची मर्यादा ठेवा. जाळीचं खुराडं 18,000, खाद्य-लसीला 12,000. सगळीच पिल्लं निळी असल्यामुळे त्याच 25 जोड्यांसाठी 150 च अंडी उबवायची आणि 75 च पक्षी पोसायचे. वाढत्या पक्ष्यांचं खाद्य निम्म्यावर येतं. यंत्र पहिल्या वर्षी नको. गावठी खुडूक कोंबडीखाली बँटमची 10-12 अंडी नीट बसतात, वीज गेल्याची भीती नाही. पुढे यंत्र घेतलंत तर 37.5 अंश आणि आधी 50-55 टक्के आर्द्रता ठेवा. बँटमची पिल्लं बऱ्याचदा विसाव्या दिवशीच फुटू लागतात, म्हणून सतराव्या दिवसापासून अंडी फिरवणं बंद करून आर्द्रता 65-70 वर न्या.

खरेदीत दोन ठिकाणी फसवणूक होते. पांढरा पक्षी स्प्लॅश म्हणून खपवतात आणि लॅव्हेंडर रंगाचा पक्षी निळा म्हणून. लॅव्हेंडर फिकट, सगळीकडे एकसारखा असतो. निळ्या नराची मान-पाठ गडद असते. लॅव्हेंडर काळ्याला लावला तर सगळी पिल्लं काळी. तुमच्या खुराड्यात एक जरी काळं पिल्लू निघालं, तर नर स्प्लॅश नाही किंवा मादी आधी दुसऱ्या नरासोबत होती. मादीच्या अंगात वीर्य दोन-तीन आठवडे टिकतं, म्हणून पहिल्या 3 आठवड्यांची अंडी खायलाच वापरा. कोचीनच्या शेपटीखालची दाट पिसं नर-मादी दोघांचीही कातरा, नाहीतर मिलनाला अडथळा येऊन अंड्यांत पिल्लू धरत नाही आणि दोष नराला लागतो.

मानमोडी एकदा शिरली तर आठवड्यात खुराडं रिकामं होऊ शकतं. पहिल्या आठवड्यात लासोटा (मानमोडीवरची लस), चौदाव्या दिवशी गंबोरो रोगाची लस, महिन्याला पुन्हा लासोटा, सहा-आठ आठवड्यांत देवीची लस. कुपीत शेकड्यांनी डोस असतात आणि फोडलेली लस ठेवता येत नाही, म्हणून तीन-चार कोंबड्या एकाच वेळी रवणीला (अंड्यांवर) बसवा, म्हणजे सगळ्या पिल्लांना एकदम लस देता येते. बर्ड फ्लूत पक्षी मारावे लागले, तर भरपाई ठरलेल्या सरकारी दराने मिळते. निळ्या रंगाची किंमत कोणी धरत नाही. 2019 आणि 2021 ला पंचगंगेचं पाणी तुमच्या जागेत कुठवर आलं होतं ते घरच्यांना विचारा. 1,10,000 ची पक्की शेड तिथे नकोच. उचलून गच्चीवर नेता येतील अशी खुराडी करा.

ऑक्टोबर म्हणतोय तो यासाठीच. पावसाळ्यात तूस ओलं राहतं, पिल्लांना रक्ती हगवण लागते, कोचीनच्या पायाच्या पिसांत चिखल अडकतो. आज एप्रिल आहे. महिन्याला उरणारे 8,000 बाजूला टाकलेत तर सहा महिन्यांत 48,000 होतात आणि ठेवीला हात लागत नाही. त्या ठेवीतले 1,38,000, म्हणजे सहा महिन्यांचा घरखर्च, मुदत संपल्यावर बँकेत हलवा. बँकेतल्या ठेवीला, सहकारी बँक धरून, 5 लाखांपर्यंत विमा असतो; पतसंस्थेतल्या ठेवीला तो नाही. मला तुमच्या कोंबड्यांपेक्षा याची काळजी जास्त वाटते.

विक्रीची वही पहिल्या दिवसापासून ठेवा. कुक्कुटपालनाचं उत्पन्न शेतीचं धरत नाहीत, ते व्यवसायाचं म्हणून पगारासोबत विवरणपत्रात दाखवावं लागतं. पुढच्या जूनपर्यंत 15 जोड्या पूर्ण भावाने गेल्या, तर यंत्रासाठी पुन्हा लिहा; तोवर आणखी पक्षी घेऊ नका.