आधीच पॉलिश किंवा लॅमिनेट केलेल्या फळ्या, कपाटं जोडायला कोणता ग्लू घ्यावा?

जोडाच्या जागी कच्चं लाकूड दिसत असेल तर साधा पांढरा वुड ग्लू (फेविकॉल टाइप) बास आहे, पण तिथेही पॉलिश किंवा सनमायका असेल तर पीयू (पॉलीयुरेथेन) ग्लू नाहीतर दोन ट्यूबवाला इपॉक्सी घ्या. फर्निचरचंच काम करतो म्हणून सांगतो, पांढरा ग्लू पाण्यातला असतो, तो लाकडात मुरतो आणि पाणी उडालं की पकडतो, पॉलिशवर मुरायला जागाच नसते त्यामुळे वाळला की अख्खा पापुद्रा नखाने निघून येतो. जमत असेल तर जोडापुरतं पॉलिश ८० नंबरच्या सँडपेपरने घासून काढा, कुठल्याही महागड्या ग्लूपेक्षा हे भारी.

- पांढरा ग्लू: जोड क्लॅम्पने (पकडीने) अर्धा-एक तास दाबून ठेवा, वजन मात्र २४ तासांनी. बाहेर आलेला ग्लू लगेच ओल्या फडक्याने पुसा.
- पीयू: फेस येऊन फुगतो, आजूबाजूला आधी मास्किंग टेप लावा. आणि ग्लोव्ह्ज घालाच, हाताचे डाग दिवसेंदिवस जात नाहीत.

एक मात्र, पुस्तकांसारखं जड सामान ठेवणार असाल तर नुसत्या ग्लूवर राहू नका, स्क्रू किंवा डॉवेल (लाकडी खुंट्या) हवेतच, आणि कपाट पुढे कधी खोलून हलवायचं असेल तर ग्लू लावूच नका.