पीएचडीचा डेटा गूगल ड्राइव्हवर ठेवला तर पुरे नाही का?

खानापूर तालुक्यात घेतलेल्या मुलाखती आणि सर्व्हे प्रबंधानंतर कुठं ठेवावा, म्हणजे वीस वर्षांनीही कुणाला वापरता येईल, असं तुम्ही विचारलंय. ड्राइव्हवर ठेवाच, पण त्या भरवशावर बसू नका. खातं तुमचं, पासवर्ड तुमचा. तुमच्यामागं ते उघडणार कोण?

मी बेळगावचा. 2003 साली एम.फिल.साठी निपाणीच्या तंबाखू वखारींतल्या बायकांचा सर्व्हे केला. चार सीडी भरल्या, मार्करनं 'फायनल' लिहिलं, कपाटात टाकल्या. मध्यंतरी एका पोरानं तो डेटा मागितला म्हणून काढल्या, तर एकीचा चंदेरी पापुद्रा बोटालाच चिकटून आला. मराठी टिपणं युनिकोडच्या आधीच्या फॉन्टातली, त्यामुळं स्क्रीनवर नुसती रोमन अक्षरांची खिचडी. एक्सेलची शीट तेवढी धडधाकट उघडली, आणि तीच सगळ्यात निकामी निघाली! 'प्र. 7' खाली 1, 2, 4, 9 असे आकडे. 9 म्हणजे 'उत्तर दिलं नाही' की 'उचल घेतली आहे', देव जाणे. कोडांचा कागद कधी रद्दीत गेला तेही आठवत नाही.

हे दुखणं जुनंच आहे. अमेरिकेत मिशिगन विद्यापीठातली आयसीपीएसआर 1962 पासून सर्व्हेचे आकडे सांभाळते, आणि त्यांच्याकडं आकड्यांइतकाच मान कोडबुकला, म्हणजे कुठला आकडा काय सांगतो त्या यादीला. प्रथिनांच्या रेणूंच्या रचना साठवणारी प्रोटीन डेटा बँक 1971 मध्ये सुरू झाली तेव्हा तिच्यात 7 रचना होत्या. आज दोन लाखांच्या वर आहेत. एवढी भर आपोआप पडली नाही. 'रचना आधी जमा करा, मगच लेख छापू' असा दंडक नियतकालिकांनी घातला, तेव्हा संशोधक हलले.

आपल्याकडं शोधगंगा आहे, पण ती मुळात प्रबंधांसाठी. डेटासाठी झेनोडो हे ऑनलाइन भांडार बघा. युरोपातल्या सर्न या प्रयोगशाळेनं ते 2013 मध्ये सुरू केलं. फुकट आहे, एका नोंदीत 50 जीबीपर्यंत बसतं आणि डीओआय हा कायमचा ओळखक्रमांक मिळतो, म्हणजे वेबसाइटचा पत्ता बदलला तरी नोंद सापडते. तक्ते सीएसव्हीत (कुठल्याही प्रोग्रामात उघडणारी साधी मजकूर-फाइल), मजकूर युनिकोडमध्ये, आणि सोबत साध्या भाषेतली एक फाइल: कुठला रकाना काय सांगतो, प्रश्न मराठीत विचारला की कन्नडमध्ये. आपल्या भागात हे लिहायलाच हवं. एकाच घरात सासू एका भाषेत उत्तर देते, सून दुसऱ्या.

मुलाखती मात्र सरसकट खुल्या करू नका. नुसतं नाव खोडून भागत नाही. 'विधवा, तीन मुली, अमुक गल्ली' एवढ्यावर गाव माणूस ओळखतं. ऑडिओवर मर्यादित प्रवेश ठेवता येतो, तो ठेवा. आणि एकदा प्रकाशित केलेली नोंद सहजासहजी मागं घेता येत नाही, तेव्हा आधी झेनोडोच्या सँडबॉक्सवर, म्हणजे सरावाच्या साइटवर, हात बसवून घ्या.

माझी शीटही चढवणार आहे. 'प्र. 7' पुढं 'कोडांचा अर्थ हरवला' असं लिहून.