स्टर्जन, आमिष आणि सोडून देण्याचा प्रश्न

कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातील फ्रेझर नदी आणि तिच्यातला पांढरा स्टर्जन हा मासा यांविषयी आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे या वेळी एकत्र घेतली आहेत. पत्रलेखकांच्या इच्छेनुसार नावे छापलेली नाहीत.

प्रश्न: मी सरे येथे राहतो. सुट्टीच्या दिवशी मित्रांबरोबर चिलिवॅकच्या बाजूला स्टर्जनसाठी गळ टाकायला जातो. काठीचे टोक एक-दोनदा हलकेच लवते, आम्ही हिसका देतो आणि गळ रिकामा हाती येतो. माणसापेक्षा मोठा होणारा हा मासा आमिषाला इतक्या हळुवारपणे तोंड का लावतो?

उत्तर: माशाच्या आकारावरून त्याच्या खाण्याची कल्पना केली की अशी फसगत होते. पांढरा स्टर्जन हा उत्तर अमेरिकेच्या गोड्या पाण्यात आढळणारा सर्वांत मोठा मासा आहे आणि तो शंभर वर्षांहून अधिक जगू शकतो, परंतु प्रौढ माशाच्या जबड्यात दात नसतात. त्याचे तोंड डोक्याच्या खालच्या अंगाला असते. ते नळीसारखे पुढे काढून तो तळावरचे अन्न पाण्यासकट आत ओढतो आणि नको असलेले पाणी व वाळू बाहेर टाकतो. डोळे लहान असतात, आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला बर्फ वितळून आलेल्या गढूळ पाण्यात त्यांचा उपयोगही फारसा होत नाही. ही उणीव भरून काढणारी साधने मात्र विलक्षण आहेत. तोंडाच्या पुढे लोंबणाऱ्या चार मिशा तळाला चाचपडत जातात, मिशांवर आणि ओठांवर चव ओळखणाऱ्या पेशी असतात, आणि मुस्कटाच्या खालच्या बाजूला सजीवांच्या शरीराभोवतीचे क्षीण विद्युतक्षेत्र जाणणारी इंद्रिये असतात. म्हणजे आमिष तोंडात जाण्यापूर्वीच त्याचा वास घेऊन, त्याला स्पर्श करून आणि बहुधा त्याची चव पाहून झालेली असते.

काठीचे टोक हलकेच लवते तेव्हा हीच तपासणी चाललेली असते. मासा आमिष आत ओढतो, पारखतो आणि मनास न आल्यास तसेच बाहेर सोडतो. पहिल्याच हालचालीला हिसका दिला तर आमिष त्याच्या ओठांतून निसटते. म्हणून तिथले जाणकार काठी उचलून हातात घेतात, तंगूस किंचित सैल ठेवतात आणि टोक सावकाश पण ठामपणे खाली ओढले जाईपर्यंत थांबतात. हे थांबणे मोजके असावे. काठी टेकवून ठेवून गप्पा मारत बसले, तर तेवढ्या वेळात गळ घशाखाली जाऊ शकतो आणि मग तो माशाला इजा न करता काढणे कठीण होते.

वासाचे महत्त्व तुमच्या लक्षात आलेच असेल. सॅमनची गाबोळी पायमोज्याच्या झिरझिरीत कापडात बांधून, लॅम्प्रे या सापासारख्या लांब माशाचे तुकडे करून किंवा सॅमनचे मांस लावून नाव खोल डोहाच्या वरच्या अंगाला नांगरली जाते. वास प्रवाहाबरोबर खाली जातो आणि मासा त्या वासाच्या मागाने प्रवाहाविरुद्ध वर येतो. यात कोणतीही युक्ती आहे असे मला वाटत नाही. वसंतात समुद्रातून नदीत चढणारे युलाकन नावाचे लहान तेलकट मासे आणि शरदात अंडी घालून मरून पडणारे सॅमन हे स्टर्जनचे शतकानुशतकांचे जेवण आहे, आणि नदी जे वाढते तेच आपण गळाला लावतो. युलाकनबद्दल मात्र माझा स्पष्ट आक्षेप आहे. वन्यजीवांची स्थिती ठरवणाऱ्या कॅनडाच्या तज्ज्ञ समितीने २०११ साली फ्रेझरमधील युलाकनला संकटग्रस्त ठरवले आहे. एका अडचणीतल्या माशाला दुसऱ्या अडचणीतल्या माशाचे आमिष दाखवणे मला पटत नाही, मग त्या वर्षीच्या नियमांत काहीही असो.

प्रश्न: स्टर्जन मध्येच पाण्याबाहेर झेप घेतो आणि धपकन पडतो. तो वरच्या थरात अन्न शोधत असतो का? तसे असेल तर आमिष तळाशी का टाकायचे? (लँगली)

उत्तर: झेपेचा खाण्याशी संबंध लावण्याचे कारण दिसत नाही, खाणे तळाशीच होते, म्हणून आमिषाची जागाही तीच. स्टर्जनचे वाताशय, म्हणजे तरंगण्यास मदत करणारी हवेची पिशवी, अन्ननलिकेला जोडलेले असते आणि तो पृष्ठभागावर येऊन हवा गिळू शकतो. त्यामुळे वाताशय भरण्यासाठी ही झेप असावी, असे एक स्पष्टीकरण दिले जाते. एकमेकांना इशारा देण्यासाठी ती असावी, असे दुसरे. फ्लोरिडातील सुवानी नदीत त्याच कुळातला दुसरा स्टर्जन इतक्या जोराने उडतो की वेगाने जाणाऱ्या नावांतील माणसे त्याच्या धडकेने जखमी झाली आहेत. अंगावर हाडांच्या ढाली असलेला मासा आदळला की काय होते, ते सांगायला नको.

प्रश्न: आम्ही गुहागरकडचे. लहानपणापासून खाडीत गरवतो, आणि जो मासा गरीला लागतो तो घरी शिजतो. माझा पुतण्या कॅनडातून स्टर्जनबरोबरचे फोटो पाठवतो आणि सांगतो की प्रत्येक मासा परत सोडावाच लागतो. खायचे नाही, तर त्या जिवाला गळ टोचून तासभर ओढायचेच कशाला? हा खेळ मला क्रूर वाटतो. आपले मत काय?

उत्तर: तुमच्या प्रश्नातील धार मला मान्य आहे. खाण्यासाठी मासा मारणाऱ्याला आपल्या कृतीचे समर्थन शोधत बसावे लागत नाही. धरून सोडणाऱ्याला ते द्यावे लागते. उत्तर अमेरिकेतील अनेक मूळ निवासी लोकांनीही हाच आक्षेप घेतला आहे की अन्न म्हणून आलेल्या जिवाशी खेळणे हा त्याचा अपमान आहे.

परंतु फ्रेझरच्या बाबतीत खाणे आणि सोडणे यांतून निवड करण्याची वेळ निघून गेली आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिथे व्यापारी मासेमारी सुरू झाली, १८९७ साली सुमारे ५०० टन स्टर्जन पकडले गेले आणि पुढच्या काही वर्षांतच ती मासेमारी कोसळली. सव्वाशे वर्षे उलटूनही ती हानी पूर्णपणे भरून निघालेली नाही, आणि याचे कारण माशाच्या आयुष्यक्रमात आहे. मादी साधारण अठरा ते तीस वर्षांची झाल्यावर प्रथम अंडी घालते आणि त्यानंतर दोन विणींमध्ये अनेक वर्षांचे अंतर ठेवते. बांगड्याच्या किंवा कोळंबीच्या हिशेबाने येथे विचार करता येत नाही. एक मोठी मादी मारली तर तिची जागा घेणारी दुसरी तयार व्हायला एक मानवी पिढी लागते. १९९३ आणि १९९४ मध्ये खालच्या फ्रेझरमध्ये अनेक मोठे स्टर्जन मेलेले आढळले, तेव्हा नदीकाठच्या मूळ निवासी समाजांनी स्वतःहून त्यांची मासेमारी थांबवली, आणि १९९४ पासून हौशी मासेमारांनाही प्रत्येक स्टर्जन जिवंत सोडणे बंधनकारक झाले. ज्यांच्यासाठी हा मासा पिढ्यान्‌पिढ्यांचे अन्न होता त्यांनी आपण होऊन हात आखडता घेतला, ही गोष्ट मला कोणत्याही कायद्यापेक्षा मोठी वाटते.

तेव्हा खरा प्रश्न असा उरतो की सोडण्यासाठी गळ टाकावा की मुळीच टाकू नये. टाकण्याच्या बाजूने एक भक्कम मुद्दा आहे. १९९७ साली स्थापन झालेल्या फ्रेझर रिव्हर स्टर्जन कॉन्झर्व्हेशन सोसायटी या संस्थेने स्वयंसेवी मासेमारांना हाताशी धरून खुणेचा मोठा उपक्रम उभा केला. माशाच्या कातडीखाली तांदळाच्या दाण्याएवढी खूण बसवतात; तोच मासा पुन्हा गळाला लागला की यंत्राने ती वाचतात, लांबी मोजतात आणि त्याला सोडतात. या नोंदींवरून नदीतील संख्येचे अंदाज बांधता आले आणि लहान माशांचे प्रमाण घटत असल्याची चिंताजनक बाब पुढे आली. गळ नसते तर ही माहिती मिळवायला सरकारला फार मोठा खर्च करावा लागला असता, आणि तो झाला असता याची मला खात्री नाही.

शिवाय सगळा दोष गळाच्या माथी मारणेही अन्यायाचे होईल. फ्रेझरची उपनदी असलेल्या नेचाकोवर १९५० च्या दशकाच्या आरंभी केनी धरण झाले आणि कूटनीवर १९७२ मध्ये लिबी धरण; त्यानंतर या नद्यांत पिल्ले नैसर्गिकरीत्या जगण्याचे प्रमाण जवळजवळ शून्यावर आले. या दोन्ही ठिकाणच्या स्टर्जनना २००६ साली कॅनडाच्या कायद्याने संकटग्रस्त म्हणून संरक्षण दिले. खालच्या फ्रेझरच्या मुख्य प्रवाहावर धरण नाही. तिथल्या माशांना तज्ज्ञ समितीने २०१२ साली धोक्यात असल्याचे ठरवले असले, तरी त्या कायद्याच्या यादीत त्यांचे नाव गेलेले नाही, आणि म्हणूनच तुमच्या पुतण्याला तिथे परवाना मिळतो. सॅमनच्या जाळ्यांत अडकणे, विणीच्या जागांची नासधूस, खाद्य असलेल्या माशांची घट हे त्यांचे मोठे शत्रू आहेत.

एवढे सांगूनही ‘सोडला म्हणजे काही बिघडले नाही’ हा दावा मला मान्य नाही. जीवशास्त्रज्ञ लिन स्नेडन यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली रेनबो ट्राउट या माशाच्या डोक्यावर व ओठांभोवती इजेला प्रतिसाद देणारे मज्जातंतू असल्याचे दाखवून दिले. माशाला होणारी जाणीव आपल्या वेदनेसारखी असते का, यावर शास्त्रज्ञांत अजून वाद आहे. पण ज्या ओठांवर या प्राण्याचे सारे खाणे अवलंबून आहे, तिथेच आपण लोखंड टोचतो, हे विसरता येत नाही. दीर्घ झुंजीत त्याच्या स्नायूंत आम्ल साठते, आणि पाणी गरम असेल तर त्यातला प्राणवायू कमी असल्यामुळे सावरायला अधिक वेळ लागतो. एकच मासा वर्षानुवर्षे अनेकदा पकडला जातो, तेव्हा तो जगतो हे सिद्ध होते खरे. पण आपल्या हौशीचा भार त्याच त्या माशांवर पुन्हा पुन्हा पडतो, हेही त्याच नोंदींवरून सिद्ध होते.

आणखी एक गोष्ट फोटोत दिसत नाही. तळाशी खडकात अडकून तंगूस तुटले की आमिषासकट गळ तिथेच राहतो, मासेमार घरी जातो आणि आमिष आपले काम करत राहते. चाचपडत खाणारा स्टर्जन ते गिळतो. अमेरिकेच्या आयडाहो राज्यात स्नेक नदीतील स्टर्जनच्या पोटात गिळलेले गळ आढळले आहेत. म्हणूनच तिथे आमिष तळाशी नेणारे शिसे मुख्य तंगुसापेक्षा कमकुवत दोरीने सरकत्या कडीला बांधण्याचा नियम आहे, म्हणजे शिसे अडकले तर तेवढेच तुटते आणि गळ परत येतो. फ्रेझरवरही प्रत्येकाने हे आपणहून करावे, असे मला वाटते.

माझे मत विचारलेत म्हणून सांगतो. खुणेच्या कामात सहभागी होणाऱ्या, थंड पाण्यात गळ टाकणाऱ्या आणि एका माशावर समाधान मानणाऱ्या माणसाला मी क्रूर म्हणणार नाही. दिवसभरात किती मासे ओढले याची स्पर्धा करणाऱ्याबद्दल मात्र मी तुमच्याशी सहमत आहे.

प्रश्न: मी कॅलगरीला असते. माझा सोळा वर्षांचा मुलगा ऑगस्टमध्ये त्याच्या मामाबरोबर फ्रेझरकाठच्या मिशन या शहराजवळ भाड्याच्या नावेतून स्टर्जनसाठी जाणार आहे. त्याला बंदी करावी असे वाटत नाही, पण माशाचे हाल होऊ नयेत. नाववाल्याला काय विचारावे?

उत्तर: सर्वप्रथम तारीख बदलता येईल का, ते विचारा. ऑगस्टमध्ये फ्रेझरचे पाणी काही वर्षी २० अंश सेल्सिअसपर्यंत किंवा त्यापुढे जाते आणि दमलेल्या माशासाठी तो वाईट काळ असतो. सप्टेंबरचा शेवट किंवा ऑक्टोबर केव्हाही बरा. ऑगस्टच पक्का असेल तर पहाटे निघावे. नाववाला पाण्याचे तापमान मोजतो का, आणि ते चढले तर फेरी रद्द करून पैसे परत देतो का, हे आधीच विचारून घ्यावे, कारण नाव पाण्यात गेल्यावर कोणी थांबत नाही.

दुसरी चौकशी साहित्याची करा. नाजूक काठी आणि बारीक तंगूस यांनी झुंज रंगते, पण ती लांबते. साहित्य मजबूत असेल तर मासा लवकर नावेजवळ येतो. गळ एकच आणि उलट्या काट्याशिवायचा असावा, हा तर नियमच आहे. परवान्याबाबतही विचारून ठेवा, कारण मिशनच्या रेल्वेपुलापासून समुद्राच्या दिशेला भरती-ओहोटीचे पाणी असल्याने तिथे केंद्र सरकारचा परवाना लागतो, तर पुलाच्या वरच्या अंगाला, म्हणजे उगमाच्या दिशेला, प्रांताचा, आणि त्याबरोबर स्टर्जनसाठीचा वेगळा संवर्धन परवाना.

फोटोबद्दल मुलाशी घरीच बोलून ठेवा. दीड मीटरपेक्षा लांब स्टर्जन पाण्याबाहेर काढायचा नाही. माणसाने पाण्यात उतरून त्याच्याजवळ उभे राहावे. या माशाचा सांगाडा बहुतांशी कूर्चेचा असतो, त्यामुळे त्याला उभा लटकवला किंवा मध्येच उचलला तर त्याच्या स्वतःच्याच वजनाने आतल्या अवयवांना इजा होऊ शकते. कल्ल्यांत बोटे घालू नयेत. पोट वर करून हळूच धरले की स्टर्जन शांत होतो. गळ काढण्यासाठी व खूण वाचण्यासाठी याचा उपयोग करतात, मात्र कल्ल्यांमधून पाणी वाहत राहिले पाहिजे आणि काम आटोपताच त्याला पालथे करून, प्रवाहाकडे तोंड करून, तो शेपटी मारून आपणहून निघेपर्यंत आधार दिला पाहिजे. गळ खोल गेला असेल तर तो उपटण्याची खटपट न करता तंगूस तोंडाजवळ कापावे.