पहिल्यांदाच वायव्य ऑस्ट्रेलियातल्या गिब रिव्हर रोडला निघालात ना?

मुलांना घेऊन जाताय, छान. डर्बीहून कुनुनुर्राच्या अलीकडच्या हायवेपर्यंत साधारण 660 किलोमीटर, त्यातला बराचसा कच्चा. मे ते सप्टेंबर एवढाच काळ धरा. पावसाळ्यात नद्या चढतात, रस्ता बंद होतो आणि बंद रस्त्यावर गाडी घातली तर दंड बसतो.

नवख्यांना नद्यांची धास्ती असते, पण हाडं खिळखिळी करतात त्या रस्त्यावरच्या आडव्या लाटा. घराच्या पत्र्यावरून गाडी चालवल्यासारखं वाटतं. पहिल्या खेपेला आमच्या डब्याचं झाकण उडालं आणि सगळ्या अंथरुणांना मेतकुटाचा वास! टायरमधली हवा 28 पीएसआयच्या आसपास आणा, वेगही कमी ठेवा. हवा परत भरायला कॉम्प्रेसर हवाच. स्टेपनी दोन घ्या. इथे एकीवर विसंबणं म्हणजे जुगार.

एरवी ओढ्यात उतरून खोली बघतात. पेन्टेकोस्ट नदीत मात्र पाय घालायचा नाही, मुलांना काठावरही सोडायचं नाही. तिथे खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत. पुढची गाडी कशी जाते ते गाडीत बसूनच बघा, मग लो रेंज (फोर-व्हील-ड्राइव्ह गाडीचा कमी वेगाचा, जास्त ताकदीचा गिअर) टाकून सावकाश, न थांबता पार व्हा.

माउंट बार्नेटच्या रोडहाऊसवर टाकी अर्धी असली तरी भरा. पिण्याचं पाणी माणशी रोज 5 लिटर तरी. मोबाइलला बहुतेक ठिकाणी रेंज नसते, सॅटेलाइट फोन भाड्याने घ्या. आणि गाडी बंद पडली तर ती सोडून चालत निघू नका.