कुमितेत हात गोठतो तेव्हा

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. दहा महिने कराटेचा वर्ग, आठवड्यातून तीन दिवस, दर तासाला ३०० ठोसे. हेयानच्या पहिल्या दोन काता, म्हणजे एकट्याने करायच्या ठरलेल्या हालचालींच्या मालिका, आता चुकत नाहीत, नारिंगी पट्टाही मिळाला. मग पहिल्यांदा कुमितेला, म्हणजे समोरासमोरच्या लढतीला, उभे राहिलात आणि हात कमरेपासून सुटलेच नाहीत, समोरच्याचा ठोसा तोंडावर बसून ओठ फुटला. सर म्हणतात पाया कच्चा आहे, अजून वर्षभर ठोसे मोजा. आणि तुम्ही विचारताय, पुन्हा पहिल्यापासून सुरू करू की वर्ग सोडून देऊ.

दोन्ही करू नका. तुमचा ठोसा बिघडलेला नाही. फक्त तो आजवर सरांच्या आवाजावर निघत आला आहे. इच्, नी, सान (जपानीतले एक, दोन, तीन) ऐकू आलं की हात जातो. कुमितेत कोणी आकडे म्हटले नाहीत, म्हणून हात निघाला नाही. इतकं साधं आहे हे, आणि इतकी वर्षं मलाही कळलं नव्हतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मी वडोदऱ्यात मांडवीच्या बाजूला वाढलो. नवव्या वर्षी वडिलांनी तालमीत नेऊन सोडलं. पहिले तीन दिवस माती उकरणं, पाणी मारणं आणि बैठका. चौथ्या दिवशी वस्तादांनी माझ्याहून दोन वर्षांनी मोठा मुलगा समोर उभा केला आणि म्हणाले, "आज डाव नाही. हा तुझी मान धरायला येईल. धरू द्यायची नाही." बस्स, एवढंच. तो यायचा, मी मान काढून घ्यायचो, कधी सुटायचो, बहुतेक वेळा नाही. आठवडाभराने मानेसोबत मनगट आलं. मग पाय. पट काढायला, म्हणजे समोरच्याचा पाय धरून त्याला पाडायला, शिकवलं ते तिसऱ्या महिन्यात, आणि तोवर समोरच्याचं वजन पुढच्या पायावर कधी येतं हे माझ्या हातांना कळायला लागलं होतं. डाव नवा होता, पण त्याची वेळ आधीच अंगात आली होती. तुमच्याकडे नेमकं उलट झालंय. ठोसा आहे, त्याची वेळ नाही.

जाता जाता: आपल्या वडोदऱ्याच्या आखाड्यांत मराठी मुलांचा एक गोंधळ हमखास व्हायचा. घरी जोर म्हणजे जोर-बैठकांतले जोर. आखाड्यात हिंदी बोलणारा पहिलवान 'जोर करेंगे' म्हणाला की त्याला सरावाची कुस्ती म्हणायची असते. मला या दोन अर्थांतच सगळा प्रश्न दिसतो. एकट्याने घाम गाळणं हा एक जोर, समोर माणूस घेऊन झटणं हा दुसरा. तुम्हाला आजवर पहिलाच मिळाला.

सयाजीबागेच्या म्युझियममधला गामा पहिलवानाचा दगड तुम्ही पाहिला असेलच. १२०० किलोचा, १९०२ साली गामाने इथेच उचलला असं त्याच्यावर कोरलं आहे. त्याच्या रोजच्या हजारो जोर-बैठकांचे आकडे शाळेतली पोरंही सांगतात. पण त्याच गोष्टींत हेही येतं की तो रोज आखाड्यातल्या चाळीस जोडीदारांशी कुस्ती करायचा. ते कोणी सांगत नाही. दगड दिसतो, फोटो निघतो. चाळीस जोडीदार कुठल्याच म्युझियममध्ये ठेवता येत नाहीत.

आता हे मोजून ठोसे मारणं आलं कुठून? ते वाईट हेतूने आलेलं नाही, आणि तुमच्या सरांचाही दोष नाही. तुम्ही करता त्या हेयान काता मूळच्या जपानच्या ओकिनावा बेटावरच्या, तिथलं नाव पिनान. इतोसू आंको यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कराटे तिथल्या शाळांत नेलं, त्या काळातल्या. एक शिक्षक, समोर पन्नास-साठ मुलं. रांगेत उभं करून एका हुकमावर एक हालचाल करून घेणं हाच मार्ग होता. कराटे शिकवणारे ओकिनावाचे फुनाकोशी १९२२ मध्ये टोकियोला गेले आणि पुढे विद्यापीठांतही याच पद्धतीने वर्ग वाढले. आपल्या गावात प्रोफेसर माणिकरावांनी संघव्यायाम रुजवला तो याच गरजेतून. शेकडो मुलं एका तालात हलली पाहिजेत, आणि हुकूम इंग्रजीत नकोत, आपल्या भाषेत हवेत, हा त्यांचा आग्रह होता. ते फार मोठं काम आहे, मला त्याचा मनापासून अभिमान वाटतो. शिस्त, दम, एकजूट, सगळं त्यातून येतं. पण गुरू जुम्मादादांच्या तालमीत घडलेल्या माणिकरावांना कुस्ती समोर जोडीदार असल्याशिवाय येत नाही हे सांगायची गरज नव्हती. रांगेतली कसरत तालमीची जागा घेईल असं कोणी म्हटलं नव्हतं. पुढे जागा कमी पडल्या, पालकांना मार लागण्याची भीती वाटू लागली, परीक्षेला मोजता येईल असंच काही हवं झालं, आणि जोडीचा सराव हळूहळू मागे पडला.

मार लागण्याची भीती जुन्यांनाही होतीच की. त्यांनी त्यावर काय केलं ते बघा. तलवार शिकायची तर खरी तलवार चालवून जोडीदार मारता येत नाही. म्हणून फरी-गदका: चामड्याने मढवलेली काठी आणि हातात छोटी ढाल. त्यामुळे पोरगा पूर्ण वेगाने वार करू शकतो आणि दुसरा तो खरोखर अडवतो. जपानात अठराव्या शतकात तलवारबाजीसाठी बांबूची तलवार आणि चिलखत आलं ते याचसाठी. ज्युदोचे जनक कानो जिगोरो यांनी १८८२ मध्ये कोदोकान ही आपली शाळा सुरू केली तेव्हा जुन्या जुजुत्सूतले हाडं मोडणारे, डोळ्यांवर-गळ्यावर मारायचे प्रकार मोकळ्या सरावातून काढून कातापुरते ठेवले. लोकांना वाटतं त्यामुळे ज्युदो सौम्य झाला. झालं उलटंच. धोका काढल्यामुळे रांदोरीत, म्हणजे त्या मोकळ्या सरावात, माणूस रोज पूर्ण ताकदीने झटू लागला, आणि रोज झटणारा माणूस फक्त काता करणाऱ्याला भारी पडतो. धोका कमी करा, विरोध कमी करू नका. शिकवण्याबद्दल मला जे काही कळलं ते एवढंच.

मी स्वतः हे फार उशिरा शिकलो. नव्वदच्या दशकात ज्युदो शिकवायला लागलो तेव्हा मुलांकडून रोज शेकडो उचिकोमी करून घ्यायचो, म्हणजे फेकण्यापर्यंत आत शिरायचं आणि परत यायचं, जोडीदार खांबासारखा उभा. दिसायला फार देखणं. स्पर्धेत तीच मुलं पहिल्या मिनिटात पडायची, कारण खरा माणूस खांबासारखा उभा राहत नाही. उचिकोमीला कंटाळणारा आणि सतत "सर, रांदोरी कधी?" विचारणारा एक मुलगा होता. त्याला मी किती वेळा ओरडलो असेन. जिंकून यायचा तो. सहा वर्षं मी मुलांचा वेळ चुकीच्या ठिकाणी घालवला, याची खंत अजून आहे.

नंतर वाचायला लागलो तेव्हा कळलं की अभ्यासकांनी हे केव्हाच दाखवलं होतं. रशियातल्या बर्नस्टाइन या हालचालींच्या अभ्यासकाने १९२०च्या दशकात छिन्नीवर हातोडा मारणाऱ्या कसबी कामगारांच्या हालचाली टिपल्या. हातोडा दर वेळी बरोबर जागी बसत होता, पण खांदा, कोपर, मनगट यांची वाट दर वेळी थोडी वेगळी होती. म्हणजे कसबी माणूस तीच हालचाल पुन्हा करत नाही, तोच प्रश्न पुन्हा नव्याने सोडवतो. १९७९ मध्ये शे आणि मॉर्गन यांनी हाताच्या तीन हालचाली दोन गटांना शिकवल्या. एकाने एक हालचाल १८ वेळा, मग दुसरी, मग तिसरी; दुसऱ्याने तेवढ्याच, पण उलटसुलट मिसळून. सरावात पहिला गट पुढे. दहा दिवसांनी पाहिलं तर मिसळून शिकलेलाच पुढे. म्हणून वर्गात गुळगुळीत चाललेल्या सरावाने हुरळू नका. अडखळत शिकलेलं जास्त टिकतं.

आता तुमच्यासाठी. हवेतले ठोसे बंद करू नका, कमी करा. ३०० ऐवजी ४०, पण प्रत्येकात टाच, कंबर, खांदा यांच्याकडे लक्ष. चाळिसाव्यालाही पहिल्यासारखाच तोल हवा. दमल्यावरचे दोनशे ठोसे फक्त दमलेला ठोसा शिकवतात. उरलेली पंधरा मिनिटं जोडीदारासोबत.

पहिले दोन आठवडे फक्त अंतर. हात खाली. तो पुढे आला की तुम्ही मागे, तो मागे गेला की तुम्ही पुढे, तो कडेला सरकला की तुम्हीही. मध्ये एक हात आणि वीतभर जागा कायम राहिली पाहिजे. दोन मिनिटं, मग अदलाबदल. पोरखेळ वाटेल, पण तिसऱ्या मिनिटाला पोटऱ्या बोलायला लागतील. जमलं की त्यात खांद्याला हात लावायचा खेळ घाला: तो तुमच्या खांद्याला टपली मारायला येईल, तुम्ही फक्त पायांनी चुकवायचं. मग तुम्ही त्याच्या.

पुढचे चार आठवडे एकच हल्ला. तो उजव्या हाताने सरळ छातीवर ठोसा मारेल, अर्ध्या वेगाने, पण अर्ध्या मिनिटात कधी ते तुम्हाला ठाऊक नसेल. तुमचं उत्तर एकच, कडेला सरकून तुमचा तोच जुना ठोसा. इथे क्रम महत्त्वाचा आहे, म्हणून नीट वाचा: आधी फक्त वेळ अनिश्चित ठेवा. ते सवयीचं झालं की बाजू अनिश्चित, उजवा किंवा डावा. त्यानंतर प्रकार, ठोसा किंवा लाथ. वेग सगळ्यात शेवटी. बहुतेक ठिकाणी हे चारही एकाच दिवशी अंगावर टाकतात, त्याला कुमिते म्हणतात आणि तुमच्यासारखा माणूस गोठतो. त्यात तुमची भित्री वृत्ती वगैरे काही नाही. दहापैकी सहा-सात वेळा जमायला लागलं की पुढची पायरी. दहापैकी दहा जमत असेल तर सराव फार सोपा आहे, दोनदाच जमत असेल तर फार कठीण.

सोबत पडायला शिकाच, कराटेत असलात तरी. उकिडवं बसून मागे लवंडायचं, हनुवटी छातीला, हात अंगापासून थोडे दूर ठेवून तळव्यांनी गादीवर थाप. रोज दहा वेळा. ज्याला पडायची भीती नाही त्याचे पाय मोकळे हलतात.

सरांशी बोला, पण वर्ग चालू असताना सगळ्यांसमोर नको. तास संपल्यावर पाया पडून विचारा की शेवटची पंधरा मिनिटं एका जोडीदारासोबत हळू सराव केला तर चालेल का. बहुतेक शिक्षक हो म्हणतात, कोणी विचारत नाही म्हणून राहून जातं. जोडीदार तुमच्याच वजनाचा आणि डोकं शांत असलेला निवडा; काळा पट्टा असलाच पाहिजे असं नाही. सर सरळ नाहीच म्हणाले आणि पुढचं वर्षभर कोणालाही हात लावू देणार नसतील, तर मात्र दुसरा वर्ग शोधा, आणि त्यांचे आशीर्वाद घेऊन जा. तोल आणि दम त्यांनीच दिलाय.

मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत शिफ्ट असते म्हणालात. रात्रपाळीच्या आठवड्यात नवं काही शिकू नका, झोप पुरी झाली नाही की शिकलेलं अंगी बसत नाही. त्या आठवड्यात अंतराचा खेळ आणि पडण्याचा सराव पुरे.

डोक्यावर ठोसे निदान पहिले तीन महिने नकोत, हळूसुद्धा नकोत. कधी चुकून जोरात बसला आणि गरगरलं, मळमळलं किंवा अंधारी आली, तर त्या दिवशीचा सराव तिथेच बंद आणि डॉक्टर. दातांचा गार्ड घ्या, गरम पाण्यात मऊ करून चावून बसवतात तो प्रकार, खेळाच्या दुकानात मिळतो. तो घालून घरी दोन-तीन दिवस नाकाने श्वास घेत काता करा, नाहीतर पहिल्या दिवशी जीव गुदमरतो. ओठाचे टाके निघेपर्यंत ठोसा-बिसा काही नको, पायांचा खेळ मात्र उद्यापासूनच सुरू करता येईल. सहा आठवड्यांनी इथेच लिहा, दहातले किती जमतात ते.