बायबरीत फोटो काढून झाले की पुढे काय?

प्रश्न : ताई, मे महिन्यात आम्ही दोघं मुलाकडे इंग्लंडला जातोय. तो एक दिवस बायबरी नावाचं खेडं दाखवणार आहे. शेजारी म्हणतात, अर्ध्या तासात सगळं बघून होतं. मुलगा तर तिथून शेतांतून चालत जाऊ म्हणतोय. लोकांच्या शेतात असं शिरलेलं चालतं का?
– एक वाचक

उत्तर : शेजाऱ्यांचं खरं आहे. सगळे जातात ते आर्लिंग्टन रो बघायला. दगडी घरांची एक ओळ, आणि तिच्यापुढे फोटोवाल्यांची दुसरी. चौदाव्या शतकात ही लोकरीची वखार होती, सतराव्या शतकात तिथं विणकरांची घरं झाली. समोरच्या रॅक आइल या पाणथळ कुरणात ते कापड वाळत घालायचे. बघा जरूर, पण खिडक्यांतून डोकावू नका. आत माणसं राहतात. आणि सकाळी लवकर जा, बसगाड्या यायच्या आत.

मग चिरंजीवांचं ऐका. कोल्न नदीच्या खोऱ्यातून कोल्न सेंट आल्डविन्स गावापर्यंत पायवाट जाते. सावकाश चाललात तर दीडेक तास. शेत खासगी असलं तरी वाट सार्वजनिक असते. खांबावर पिवळा बाण दिसला की बिनधास्त चालायचं. मालकालाही ती अडवता येत नाही. वाटेवरून नांगर फिरवला तर साधारणपणे चौदा दिवसांत त्यानं ती पुन्हा करून द्यायची, असा कायदा आहे. आपल्याकडच्या बांधावरच्या भांडणांची सवय असलेल्या माणसाला हे पचायला जरा वेळ लागतो!

तुमच्याकडून अपेक्षा एवढीच, की वाट सोडायची नाही आणि फाटक जसं असेल तसं ठेवायचं. उघडं दिसलं म्हणून भलेपणानं लावून घ्याल, तर कदाचित मेंढ्यांची पाण्याकडे जायची वाटच बंद कराल. गाई मागे आल्या तर पळू नका. सोबत वासरं असतील तर मात्र लांबून वळसा घाला.

गुडघ्यांचं काय, ते तुम्ही लिहिलेलं नाही. काही वाटांवर कुंपण ओलांडायला लाकडी पायऱ्या असतात, धरायला धड काही नसतं. आधी मुलाला जाऊन बघून यायला सांगा. पांढरे बूट नकोत. पलीकडच्या गावात पब आहे, पण जेवण ठरावीक वेळेतच मिळतं; डब्यात काहीतरी असू द्या. आणि परतीला बसवर विसंबू नका, गाडी तिकडेच मागवा.